सही ‘ओके’, तरी फाइल नको: डीएससी टोकनच्या ड्रायव्हरचं एक प्रकरण

फोर्टमधलं एक छोटं सीए ऑफिस, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. सप्टेंबरअखेर एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) उरकलेल्या कंपन्यांचे एओसी-४ फॉर्म (हिशेबपत्रकं सरकारकडे दाखल करण्याचे) एजीएमपासून ३० दिवसांत भरायचे असतात. त्यामुळे या दिवसांत अशा ऑफिसात कोणालाच वेळ नसतो. नेमका तेव्हाच जुना संगणक बसला. लॅमिंग्टन रोडवरून विंडोज ११ चा नवा पीसी आला, पण डायरेक्टरांची डीएससी टोकनं (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट ठेवलेली पेन ड्राइव्हसारखी उपकरणं) त्याला ओळखता येईनात. ड्रायव्हर, म्हणजे टोकनची विंडोजशी गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर, टाकायला हवा होता.

आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) करणाऱ्या मुलाने टोकनच्या नावापुढे ‘ड्रायव्हर डाउनलोड’ लिहून शोधलं आणि सगळ्यात वरच्या दुव्यावरून सेटअप उतरवला. तो दुवा जाहिरातीचा होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. पोरगा अगदीच निष्काळजी नव्हता. फाइल उघडण्याआधी त्याने प्रॉपर्टीज पाहिल्या.

“सर, डिजिटल सिग्नेचर आहे. ओके दाखवतंय. टाकू का?”

“सही कोणाची आहे?”

“ते नाही बघितलं. पण ओके आहे ना.”

तेवढ्यात डीएससी काढून देणाऱ्या एजंटने व्हॉट्सॲपवर एक झिप पाठवली. ती दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने नव्या पीसीवर आणली. तिच्यातल्या सेटअपवरही सही होती, पण सर्टिफिकेटची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली. शिवाय बऱ्याच टोकनांत सीडीसारखा दिसणारा एक भाग असतो आणि त्यात ड्रायव्हर असतो. इथेही तो होता. म्हणजे एकाच कामासाठी तीन फाइली हाताशी आल्या. जाहिरातीवरची ‘क’, व्हॉट्सॲपवरची ‘ख’ आणि टोकनमधली ‘ग’. मुलाचा कल ‘क’कडे होता, कारण सही ताजी, सर्टिफिकेट चालू आणि ओकेचा शेरा. ‘ख’ त्याला एक्स्पायर झालेली म्हणून नको होती.

तपासणीचा निकाल याच्या बरोबर उलट लागला.

पणाला काय लागलेलं असतं

अशा ऑफिसांत टोकनं बहुधा एका प्लॅस्टिकच्या डब्यात असतात. रबरबँड लावलेली, प्रत्येकावर डायरेक्टरचं नाव आणि पुष्कळदा त्याच चिठ्ठीवर टोकनचा पासवर्ड. त्यातली एक-दोन दिवसभर यूएसबी पोर्टातच अडकवलेली राहतात. संगणकात बाहेरच्याने शिरकाव केला, टोकन पोर्टात असलं आणि टाइप केलेला पासवर्ड त्याच्या हाती लागला, तर तो डायरेक्टरच्या नावाने कायद्यापुढे टिकणारी सही करू शकतो. म्हणून गाणी वाजवायच्या प्लेअरला लावायचा निकष आणि या ड्रायव्हरला लावायचा निकष एक नसतो.

एक गैरसमजही इथे नडतो. सीए ऑफिसात ‘डिजिटल सिग्नेचर’ म्हटलं की डीएससी आठवते. पॅन, व्हिडिओ पडताळणी, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आणि कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीजचा परवाना अशी सरकारी चौकट तिच्यामागे उभी असते. सॉफ्टवेअरवरची सही या चौकटीतली नाही. ती कोड साइनिंगच्या सर्टिफिकेटने होते. ते देणाऱ्या जगभरच्या संस्थांची रूट सर्टिफिकेटं (विश्वासाच्या साखळीतली सगळ्यात वरची) मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या विश्वासू यादीत घेतलेली असतात. दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखी आहे. सही करणारा कोण हे त्यातून कळतं, त्याच्या मनात काय आहे ते नाही.

‘क’ उघडून पाहताना

फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, मग ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब. हा टॅबच नसेल तर फाइलच्या पोटात सही नाही. (नोटपॅडसारख्या विंडोजच्या स्वतःच्या काही फाइलींनाही तो दिसत नाही, कारण त्यांच्या सह्या वेगळ्या कॅटलॉग फाइलींत असतात. बाहेरून आलेल्या सेटअपला ही सवलत नाही.) टॅबमधल्या यादीत सही करणाऱ्याचं नाव, डायजेस्टची (फाइलवरून काढलेल्या ठशाची) पद्धत आणि टाइमस्टॅम्प (सहीची वेळ) दिसतो. ओळ निवडून ‘डिटेल्स’ दाबलं की वर सही ओके असल्याचं वाक्य येतं. बहुतेकांची तपासणी इथे संपते. खरी तपासणी इथून पुढची.

त्या वाक्याचा अर्थ नेमका आणि तोकडा आहे. सही झाल्यावर, ती ज्यावर बेतली त्या फाइलच्या भागात बदल झालेला नाही, सर्टिफिकेटची साखळी या संगणकाला मान्य असलेल्या रूटपर्यंत पोचते, आणि सर्टिफिकेट कोडवर सही करण्यासाठीच दिलेलं आहे. इतकंच.

‘व्ह्यू सर्टिफिकेट’ उघडल्यावर ‘क’चं बिंग फुटायला लागलं. ज्याला सर्टिफिकेट दिलं, ती टोकनशी काडीचा संबंध नसलेली परदेशातली एक कंपनी निघाली. ‘डिटेल्स’मधल्या ‘सब्जेक्ट’ या ओळीत कंपनी, शहर आणि देश दिलेला असतो. तिथला देश टोकन बनवणाऱ्याचाही नव्हता आणि विकणाऱ्याचाही. सर्टिफिकेट मिळून अकरा दिवस झाले होते. ताजं सर्टिफिकेट हा स्वतःहून गुन्हा नाही, चांगल्या कंपन्यांनाही ते नव्याने घ्यावंच लागतं. पण अनोळखी नाव आणि ताजं सर्टिफिकेट एकत्र आलं की हात आखडता घ्यावा.

मुलाने यावर एक रास्त प्रश्न विचारला. प्रॉपर्टीजच्याच दुसऱ्या टॅबमध्ये ‘कंपनी’ म्हणून टोकन बनवणाऱ्याचंच नाव दिसत होतं, मग गडबड कुठे? गडबड अशी, की व्हर्जन, कंपनी, कॉपीराइट हा मजकूर फाइल तयार करणारा स्वतः लिहितो आणि तो कोणी तपासत नाही. परवानगी विचारणाऱ्या विंडोजच्या चौकटीतही हीच गंमत आहे. तिथे ठळक दिसणारं प्रोग्रामचं नाव सही करणाऱ्याने स्वतः घातलेलं वर्णन असतं. सर्टिफिकेटमधून येते ती फक्त ‘व्हेरिफाइड पब्लिशर’ ही ओळ. वर ‘टोकन मॅनेजर’ आणि खाली भलतीच कंपनी, असं चित्र दिसलं तर खालची ओळ खरी धरायची. चौकट निळी आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. निळा रंग सही जुळल्याचा असतो, पिवळा पब्लिशर अज्ञात असल्याचा.

मग फाइल आली कुठून ते पाहिलं. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलीला विंडोज ‘झोन डॉट आयडेंटिफायर’ नावाची एक लपलेली पुरवणी जोडतं. पॉवरशेलमध्ये (विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीत) गेट-कंटेंट या आज्ञेला स्ट्रीम म्हणून हे नाव दिलं की ती वाचता येते. झोन ३ म्हणजे इंटरनेट, आणि त्याखाली बहुतेक वेळा ज्या पत्त्यावरून फाइल आली तो पूर्ण पत्ता. ‘क’च्या पत्त्यात टोकनचं नाव होतं खरं, पण त्याला एक जोडरेघ आणि ‘सपोर्ट’ असं शेपूट लावलेलं. बनवणाऱ्याच्या साइटचा पत्ता तो नव्हताच.

शेवटी हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा ठसा. सर्टयुटिल या विंडोजच्याच आज्ञेला हॅशफाइल हा पर्याय, फाइलचं नाव आणि एसएचए२५६ दिलं, किंवा पॉवरशेलची गेट-फाइलहॅश वापरली, की ६४ अक्षरांची ओळ मिळते. ही ओळ व्हायरसटोटल या, अनेक अँटिव्हायरसनी फाइली तपासणाऱ्या साइटवर शोधायची. फाइल चढवायची गरज नाही. चढवलेली फाइल तिथल्या सशुल्क सदस्यांना उतरवता येते, त्यामुळे क्लायंटची कागदपत्रं असलेल्या ऑफिसने चढवण्याची सवयच लावून घेऊ नये. ‘क’चा हॅश तिथे सापडलाच नाही. “म्हणजे कोणी व्हायरस म्हणालं नाही,” असा अर्थ मुलाने काढला. हे उलटं वाचन झालं. देशभरच्या सीए आणि सीएस (कंपनी सेक्रेटरी) ऑफिसांत चालणारा ड्रायव्हर तिथे आजवर एकदाही कोणी तपासला नसेल, हे संभवत नाही. लोकप्रिय सॉफ्टवेअरची कधीच न दिसलेली प्रत हाच संशयाचा मुद्दा आहे. ‘क’चा आकारही टोकनमधल्या सेटअपच्या कितीतरी पट होता.

इतकं झाल्यावर ‘क’ चालवून बघायचं काही कारण उरत नाही. ती आत काय करते हे शोधणं हा वेगळा धंदा आहे. ऑफिसला फक्त हो की नाही ठरवायचं असतं.

अशा नावाने सर्टिफिकेट मिळतं तरी कसं? देणारी संस्था कंपनी खरोखर नोंदलेली आहे का ते पाहते. भामटे नावापुरती कंपनी नोंदवतात, किंवा बंद पडत आलेल्या खऱ्या कंपनीच्या नावावर अर्ज करतात. १ जून २०२३ पासून कोड साइनिंगची खासगी किल्ली (जिने सही केली जाते ती) टोकनसारख्या हार्डवेअरमध्येच ठेवणं बंधनकारक झालं. त्यामुळे किल्लीची फाइल चोरणं अवघड झालं, रीतसर अर्ज करून सर्टिफिकेट मिळवण्याची वाट मात्र उघडीच आहे.

मुदत संपलेली ‘ख’

झिपवर अशी सही नसते. ती उघडून आतला सेटअप तपासावा लागतो. ‘ख’मधल्या सेटअपवर नाव टोकन बनवणाऱ्याचं होतं, सर्टिफिकेटची मुदत संपलेली होती आणि तरी विंडोज ओके म्हणत होतं. याचं कारण टाइमस्टॅम्प. सही करताना एक तिसरी संस्था ‘ही सही अमुक वेळी अस्तित्वात होती’ अशी स्वतःची सही जोडते. ती वेळ मुदतीच्या आतली असेल तर पुढे सर्टिफिकेट संपलं तरी सही टिकते. टाइमस्टॅम्पच नसेल तर मुदत संपल्यावर सही बाद होते. म्हणून एक्स्पायर झालेलं सर्टिफिकेट दिसलं की आधी टाइमस्टॅम्पची तारीख पाहायची, मगच नाक मुरडायचं.

मुदत संपणं आणि सर्टिफिकेट रद्द होणं यांत मोठा फरक आहे. किल्ली चोरीला गेल्याचं किंवा सर्टिफिकेटचा गैरवापर झाल्याचं कळलं की देणारी संस्था ते रद्द करते आणि कोणत्या तारखेपासून तेही नोंदवते. टाइमस्टॅम्प त्या तारखेनंतरचा असेल तर सही गेली, आधीचा असेल तर टिकते. पण हे विंडोजला कळायला इंटरनेट लागतं. नेट बंद असलेल्या किंवा कडक फायरवॉलमागच्या संगणकावर रद्द झालेलं सर्टिफिकेटही ओके दिसू शकतं. उलट, अशाच संगणकावर नवी रूट सर्टिफिकेटं उतरत नाहीत आणि चांगली सही खोटी ठरते. जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा सेल गेला की तारीख मागे जाते आणि सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं दिसतं. घड्याळ आणि नेट तपासल्याशिवाय सहीच्या निकालावर भरवसा ठेवू नये.

‘ख’बद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी. तिच्यावर झोनची पुरवणी नव्हती, म्हणून स्मार्टस्क्रीननेही (इंटरनेटवरून आलेल्या अनोळखी फाइलींबद्दल सावध करणाऱ्या विंडोजच्या सोयीने) काही विचारलं नसतं. ही पुरवणी एनटीएफएस (विंडोजची नेहमीची मांडणी) असलेल्या डिस्कवरच टिकते. बाजारातले पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅटचे असतात आणि फाइल त्यांवर गेली की ती गळून पडते. झिप उघडणारं सेव्हन-झिप तर आतल्या फाइलींना ती आपणहून जोडतच नाही, सेटिंगमधून सांगावं लागतं. पेन ड्राइव्हने आलेल्या फाइलीवर विंडोज गप्प बसलं, याचा अर्थ त्याने काही पाहिलं असा नाही.

‘ख’ आणि ‘ग’ समोरासमोर

मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं सिगचेक हे सह्या तपासणारं साधन इथे फार उपयोगी पडतं. त्याला ‘आय’ हा स्विच (आज्ञेपुढे जोडायचं अक्षर) दिला की सर्टिफिकेटची साखळी दिसते आणि ‘एच’ दिला की हॅश. हॅशच्या यादीत ‘एसएचए२५६’ आणि ‘पीई२५६’ अशा दोन वेगळ्या ओळी येतात. पहिली अख्ख्या फाइलची. दुसरी ज्यावर सही बेतलेली असते तेवढ्या भागाची, म्हणजे फाइलचा चेकसम, सहीची जागा सांगणारी नोंद आणि खुद्द सहीचा कप्पा वगळून. सहीचा कप्पा सहीतून वगळावाच लागतो, नाहीतर सही लावताच हॅश बदलला असता. पण यामुळे एक फट राहते. त्या कप्प्यात मागाहून माहिती कोंबली तरी सही ओकेच दिसते.

ही फट सुरक्षेतल्या त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१३-३९०० या क्रमांकाने नोंदलेली आहे. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१३ मध्ये कडक तपासणीची सोय दिली, पण ती विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत) ‘एनेबल सर्ट पॅडिंग चेक’ हे मूल्य घातल्याशिवाय चालू होत नाही. काही भल्या सॉफ्टवेअरचे सेटअपही प्रत्येक ग्राहकाची खूण याच कप्प्यात ठेवतात, म्हणून ती सक्तीची झाली नाही. मार्च २०२३ मध्ये उघड झालेल्या थ्रीसीएक्स (ऑफिसातल्या फोनचं सॉफ्टवेअर) प्रकरणात मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या एका डीएलएलमध्ये (प्रोग्रामच्या सहायक फाइलीत) घातक कोड याच वाटेने घुसवला होता. म्हणून दोन प्रतींचा पीई२५६ सारखा आणि एसएचए२५६ वेगळा आला, तर दाखवायला सही दोन्हींवर खरी, पण एकीच्या सहीच्या कप्प्यात काहीतरी जास्तीचं आहे असं समजायचं.

इथे ‘ख’ आणि ‘ग’चे दोन्ही हॅश तंतोतंत जुळले. एजंटने पाठवलेली फाइल टोकनमधलीच होती. टोकनमधला तो सीडीसारखा भाग वापरणाऱ्याला एरवी बदलता येत नाही, त्यामुळे तुलनेसाठी तो चांगला आधार आहे. साइटवर सेटअपशेजारीच छापलेला हॅश तितका भरवशाचा नसतो, कारण साइट फोडणारा फाइल बदलतो तेव्हा शेजारचा आकडाही बदलू शकतो.

नाव पडताळताना मात्र ब्रँडवर जाऊ नये. ईपास २००३ हे टोकन फाइतियानचं आणि प्रॉक्सकी वॉचडेटाचं. विकणारा, डीएससी देणारी संस्था आणि सॉफ्टवेअरवर सही करणारा असे तिघं वेगळे असू शकतात. त्यामुळे ‘टोकनवर छापलेलं नाव सहीत नाही’ एवढ्यावरून फाइल बाद करता येत नाही. टोकनमधली फाइल, बंद पडलेल्या पीसीच्या डिस्कवरचा जुना ड्रायव्हर आणि डीएससी देणाऱ्या संस्थेचं डाउनलोडचं पान, या तिन्ही ठिकाणी एकच नाव आलं तर ते मानायचं. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून तेवढं पाहता आलं आणि तिथेही तेच नाव निघालं.

नवा पीसीच खोटं बोलत असला तर

ही तपासणी ज्या संगणकावर करायची त्याचीच विश्वासू यादी भ्रष्ट असेल तर सगळंच मुसळ केरात. काही साइनिंग युटिलिटी बसताना स्वतःचं रूट सर्टिफिकेट त्या यादीत घालतात आणि दुकानदार विंडोज टाकताना आणखी काय काय टाकतो कोण जाणे. त्या रूटखालची कोणतीही सही मग त्या एका संगणकावर ओके दिसते. सिगचेकला ‘टी’ आणि ‘व्ही’ हे स्विच दिले की मायक्रोसॉफ्टच्या यादीशी न जुळणारी सर्टिफिकेटं तेवढी समोर येतात. वापरणाऱ्याच्या खात्यातली यादी पाहायला मध्ये ‘यू’ जोडायचा. एवढं जमत नसेल तर तीच फाइल दुसऱ्या धड संगणकावर तपासावी. निकाल वेगळा आला तर दोष संगणकात आहे.

काय बसवलं

‘ग’ बनावट नव्हती, पण जुनी होती आणि विंडोज ११ वर तिची नवी आवृत्ती लागणार होती. डीएससी देणाऱ्या संस्थेचा पत्ता हाताने टाइप करून तिथून चौथी फाइल उतरवली. सही त्याच नावाची, सर्टिफिकेट नवं, टाइमस्टॅम्प ताजा, आणि हॅश व्हायरसटोटलवर आधीपासून ओळखीचा. ती बसवली. बसवताना पोर्टात एकही टोकन ठेवलं नाही.

विंडोज सँडबॉक्समध्ये (वेगळ्या, तात्पुरत्या विंडोजमध्ये) आधी चालवून पाहावं, असा सल्ला कोणी देईल. ती सोय होम आवृत्तीत नाही, प्रो लागते. शिवाय सँडबॉक्सला यूएसबी टोकन दिसत नाही. बरेच घातक सेटअप असं वातावरण ओळखून गप्प बसतात, तेव्हा तिथे काही झालं नाही म्हणून फाइल चांगली ठरत नाही.

नाव बरोबर, हॅश बरोबर, तरी घात होतो अशीही उदाहरणं आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेली सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्याच खऱ्या सहीने, घातक कोडसकट बाहेर पडली आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोचली. सोलरविंड्सच्या ओरायन या नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं २०२० मधलं अपडेटही असंच, सहीसकट. चोराने कारखान्यातच शिरून माल बदलला तर ग्राहकाला सहीवरून काहीच कळत नाही. त्यावर छोट्या ऑफिसच्या हातात एवढंच आहे, की फार निकड नसलेलं अपडेट आल्या दिवशी न टाकता आठ-दहा दिवस थांबावं. सुरक्षेच्या दुरुस्त्यांना मात्र हा नियम लावू नये.

‘क’ कोणी चालवलीच असती तर क्रम असा: आधी नेट तोडायचं, टोकनं काढायची, पीसी तसाच ठेवायचा. बँक आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलायचे. त्या पीसीवर लावलेल्या प्रत्येक टोकनाच्या डायरेक्टरला कळवायचं, डीएससी देणाऱ्या संस्थेकडून ती रद्द करून घ्यायची. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना कळल्यापासून सहा तासांत तिला कळवायच्या असतात, हेही पुष्कळ ऑफिसांना ठाऊक नसतं.

यानंतर ऑफिसने एक वही केली. वापरातलं प्रत्येक सॉफ्टवेअर, त्याच्या सहीतलं नाव अक्षरशः जसंच्या तसं, आणि डाउनलोडचा पत्ता. नाव बदललं की लगेच फाइल बाद करायची नाही, आधी कारण शोधायचं. दूरवरून संगणक चालवू देणाऱ्या एनीडेस्कने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या यंत्रणेत शिरकाव झाल्याचं जाहीर केलं आणि सर्टिफिकेट बदललं. तोवर सहीत ‘फिलान्ड्रो सॉफ्टवेअर जीएमबीएच’ असायचं, ८.०.८ पासून ‘एनीडेस्क सॉफ्टवेअर जीएमबीएच’ आलं. असा बदल कंपनीच्या स्वतःच्या निवेदनात सापडला तर वहीत जुन्या नावावर काट मारून तारखेसह नवं लिहायचं. निवेदन सापडेपर्यंत फाइल तशीच पडून राहू द्यायची.